एका हाताने मराठी टायपिंग : कीबोर्डचे 'मॅक्रो' दिव्यांगांच्या कामी कसे येतात?

कीबोर्डवरचं शिफ्टचं बटण सलग पाच वेळा दाबून पाहा. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर एक छोटी चौकट उघडेल आणि 'स्टिकी कीज' सुरू करायच्या का, असं विचारेल. ही चौकट बहुतेकांच्या ओळखीची आहे. गेम खेळताना किंवा विचार करता करता उगाच शिफ्ट बडवताना ती मध्येच टपकते आणि आपण 'नाही' म्हणून तिला घालवून देतो. ही सोय नेमकी कोणासाठी केली असेल, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. पनवेलमधल्या आमच्या मामांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा पडला.

मामांचा व्यवसाय टायपिंगचा. जुन्या पनवेलमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं टेबल आहे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, संमतीपत्रं ते टाइप करून देतात. सुरुवात टाइपरायटरवर झाली, मग कॉम्प्युटर आला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा पाय बराच सुधारला, पण उजव्या हाताची बोटं उघडेनात. पैसे पानामागे मिळतात. जे पान आधी दहा मिनिटांत व्हायचं, त्याला पाऊण तास लागू लागला. गिऱ्हाईक एवढा वेळ थांबत नाही. पलीकडे दुसरं दुकान असतंच.

'बोलून टाइप करा की' हा सल्ला त्यांना पहिल्याच आठवड्यात दहा जणांनी दिला. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं आणि फोनवरच्या निरोपासाठी ते उत्तमच आहे. पण पक्षाघाताने अनेकांची वाचाही जड होते, तशी मामांचीही झाली होती. शिवाय घटस्फोटाचा नाहीतर वाटणीचा मजकूर भर दुकानात मोठ्याने कसा बोलायचा? त्यामुळे मामांना कीबोर्डच हवा होता, आणि तोही एका हाताने चालणारा.

मराठीत अडचण कुठे येते?

इंग्रजी लिहिताना शिफ्ट तसं कमी लागतं. वाक्याचं पहिलं अक्षर, विशेषनामं, प्रश्नचिन्ह आणि एखाद-दुसरं चिन्ह, एवढंच. मराठीचं तसं नाही.

विंडोजमध्ये मराठीची जी मांडणी आयती मिळते ती इन्स्क्रिप्ट. १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती ठरवली आणि पुण्याच्या सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमधून ती सरकारी कार्यालयांत पोचली. तिची रचना मोठी तर्कशुद्ध आहे. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या बटणावर 'क' आहे त्याच बटणावर शिफ्टसह 'ख'. 'ग'वर शिफ्टसह 'घ', 'ट'वर 'ठ', 'द'वर 'ध'. काना जिथे आहे तिथेच शिफ्टसह 'आ', पहिल्या उकाराच्या जागी शिफ्टसह 'उ'. म्हणजे सगळे हकारयुक्त वर्ण, सगळे सुटे स्वर, वर ण, ळ, श आणि ष या साऱ्यांना शिफ्ट हवं.

आपल्या परिसरातली गावंच घ्या. 'पनवेल' लिहायला पाच बटणं पुरतात, शिफ्ट एकदाही नाही. 'पनवेल महानगरपालिका' हे एवढं लांबलचक नावसुद्धा मधल्या जागेसकट अठरा बटणांत, शिफ्टविना होतं. पण 'खारघर' लिहायचं तर पाच बटणांत दोनदा शिफ्ट. 'ठाणे' चार बटणांचं, त्यातही दोनदा. 'उरण' तर तीनच अक्षरांचं, आणि त्यातली दोन शिफ्टची. 'खांदेश्वर' लिहिताना ख आणि श अडवतात. कळंबोली, कामोठे, तळोजा यांना प्रत्येकी एकदा. पनवेलकरावर इन्स्क्रिप्टने मेहेरनजर केली आणि उरणकरावर राग काढला, असं मामा गमतीने म्हणतात.

दोन्ही हात चालत असतील तर हे जाणवतही नाही. एका हाताची करंगळी शिफ्टवर, दुसऱ्याचं बोट अक्षरावर. एकच हात असेल तर मात्र दर वेळी बोटं ताणावी लागतात. आणि जो एकाच बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करतो, त्याला दोन बटणं एकदम दाबणं शक्यच नसतं. त्याच्या दृष्टीने अर्धी बाराखडी कुलूपबंद आहे.

इन्स्क्रिप्टचा आणखी एक गुण इथे अवगुण ठरतो. स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे दोन हात आळीपाळीने चालतात आणि वेग वाढतो. एकाच हाताला मात्र दर अक्षरागणिक या टोकापासून त्या टोकापर्यंत खेपा घालाव्या लागतात.

मग रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी पद्धत बरी का? ते हातावर अवलंबून आहे. तिथे शिफ्ट कमी लागतं, पण 'ख'साठी दोन अक्षरं, कान्यासाठी कधी एक तर कधी दोन, अशी एकूण बटणं वाढतात. ज्याला दोन बटणं एकत्र दाबणं जमत नाही पण एकेक बटण दाबून थकवा येत नाही, त्याला ती सोयीची. ज्याचा हात लवकर थकतो, त्याने बटणांची संख्या कमी ठेवावी आणि शिफ्टचा प्रश्न वेगळा सोडवावा.

पाच वेळा शिफ्ट

तो प्रश्न सोडवते ती हीच चौकट. स्टिकी कीज सुरू केल्या की शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. एकदा दाबा, सोडून द्या, मग 'क'चं बटण दाबा; 'ख' उमटतो. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबलं तर ते अडकून राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. कंट्रोल आणि ऑल्ट या बटणांनाही हाच नियम लागू होतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये दिव्यांगांसाठी अशा सोयी तयार झाल्या आणि विंडोज ९५पासून त्या कॉम्प्युटरसोबतच येऊ लागल्या. म्हणजे तीस वर्षं झाली, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये त्या फुकट बसलेल्या आहेत. विंडोजचं बटण आणि 'यू' दाबलं की ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडतं; त्यात कीबोर्ड या विभागात सगळं सापडतं. एक काळजी घ्या. दोन बटणं एकदम दाबली गेली की स्टिकी कीज आपोआप बंद होण्याचा पर्याय तिथे असतो. हात थरथरत असेल तर तो काढून टाका, नाहीतर सोय सारखी गायब होत राहील.

त्याच पानावर 'फिल्टर कीज' आहेत. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं तरी त्यांची चौकट येते. बोट चुकून घासलं गेलं तर ते अक्षर न घेणं, एकच बटण थरथरत दोनदा दाबलं गेलं तर एकदाच मोजणं, आणि बोट उचलायला उशीर झाला तरी 'कककककक' होऊ न देणं, ही त्यांची कामं. कंपवात असलेल्यांना त्यांचा उपयोग सहज समजतो. आणखी एका गटाचा विचार मात्र सहसा होत नाही. पनवेलजवळ नेरे इथलं शांतिवन आणि तिथलं कुष्ठरोग निवारण समितीचं काम पनवेलकरांना ठाऊक आहे. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण उपचाराला उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी मागे राहते. बोटं आत वळतात आणि त्यांची संवेदना जाते. बटण दाबलं गेलं की नाही, अजून दाबलेलंच आहे का, हे अशा बोटाला कळत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांची नोंद आहे, त्यांत कुष्ठरोगमुक्त व्यक्तीही आहेत. त्यांच्यासाठी फिल्टर कीज म्हणजे बोटाने गमावलेली जाणीव कॉम्प्युटरकडून भरून घेणं.

मामांना स्टिकी कीजची सवय व्हायला तीन दिवस लागले. पाऊण तासाचं पान अर्ध्या तासावर आलं. अजून वीस मिनिटं वाचवायची होती.

मॅक्रो म्हणजे काय?

पूर्वी पत्राच्या सुरुवातीला 'स. न. वि. वि.' लिहीत. वाचणारा मनातल्या मनात 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असं वाचून घेई. लिहिणाऱ्याने चार अक्षरं लिहायची, बाकीचा मजकूर समोरच्याने पुरवायचा. मॅक्रोमध्ये हेच होतं, फक्त समोरचा म्हणजे कॉम्प्युटर. एका छोट्या खुणेच्या बदल्यात तो ठरलेला मोठा मजकूर लिहितो किंवा ठरलेली कामं ओळीने करून टाकतो. मॅक्रो या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच 'मोठा'.

इन्स्क्रिप्ट वापरणारे नकळत एक चिमुकला मॅक्रो रोज वापरतात. 'ज्ञ' हे अक्षर कॉम्प्युटरच्या लेखी ज, हलन्त आणि ञ अशा तीन चिन्हांचं असतं. पण शिफ्ट आणि पाचाचं बटण दाबलं की तिन्ही एकदम येतात. त्याच रांगेत सहावर 'त्र', सातावर 'क्ष' आणि आठावर 'श्र' आहे. मांडणी ठरवणाऱ्यांना जोडाक्षरांची कटकट ठाऊक होती. आपल्याला तीच युक्ती शब्दांवर आणि परिच्छेदांवर वापरायची आहे.

'पमपा'ची गोष्ट

मामांच्या टेबलावर दिवसातून कितीतरी वेळा लिहिला जाणारा मजकूर असा :

प्रति,
मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका,
पनवेल, जि. रायगड

ओळ बदलण्यासह मोजलं तर ही पन्नासहून जास्त बटणं होतात, वर 'आ'साठी एक शिफ्ट. आम्ही वर्डमध्ये त्याला 'पमपा' हे नाव दिलं. आता मामा 'पमपा' लिहून स्पेस देतात. पाच बटणांत चारही ओळी हजर.

हे करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मजकूर एकदा नीट टाइप करून तो निवडा. मग फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स अशा क्रमाने जा. 'रिप्लेस'च्या खान्यात संक्षेप लिहा, एकापेक्षा जास्त ओळी असतील तर 'फॉरमॅटेड टेक्स्ट' निवडा आणि 'ॲड' दाबा. या याद्या भाषेप्रमाणे वेगवेगळ्या ठेवल्या जातात, म्हणून नोंद करताना कीबोर्ड मराठीत असू द्या. नाहीतर केलेली नोंद इंग्रजीच्या यादीत जाऊन बसते आणि ती चालत का नाही, ते कळत नाही. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही ऑटोकरेक्ट आहे. शिवाय तिथे 'ऑटोटेक्स्ट' नावाची सोय आहे : संक्षेप लिहून एफ ३ दाबलं तरच तो उलगडतो. आपण न सांगता कॉम्प्युटरने काही केलेलं ज्यांना खपत नाही, त्यांना हे जास्त आवडेल. फोनवर गूगलच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोशात शब्दासोबत शॉर्टकट नोंदवता येतो. तो टाइप केला की पूर्ण मजकूर वरच्या पट्टीत सुचवला जातो.

संक्षेप निवडताना एक पथ्य पाळावं लागतं. जो शब्द खरोखर लिहायची वेळ येऊ शकते, तो घ्यायचा नाही. आम्ही सुरुवातीला 'तह' म्हणजे 'मा. तहसीलदार, पनवेल' असं केलं. मग कोणत्याशा संमतीपत्रात दोन भावांनी आपसांत तह केला असं लिहायचं होतं, तर त्यांनी आपसांत मा. तहसीलदार केला! कंट्रोल झेड दाबलं की असा उलगडा परत मिटतो, पण नजर कागदावर असेल तर चूक दिसत नाही. 'तह'चं मग 'तहप' झालं.

मराठीची खरी गाठ पडते ती विभक्तीशी. इंग्रजीत नाव जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे 'महानगरपालिका' लगेच 'महानगरपालिकेने', 'महानगरपालिकेच्या', 'महानगरपालिकेकडे' होते. पूर्ण नाव उलगडून मागे जायचं, काना खोडायचा, मात्रा द्यायची, प्रत्यय लावायचा, यात वाचवलेली बटणं परत खर्च होतात. त्यावर उपाय म्हणजे ज्या रूपांची गरज वारंवार पडते, त्यांचे वेगळे संक्षेप करायचे. 'पमपाने', 'पमपाच्या', 'पमपाला' अशा नोंदी केल्या की लक्षातही राहतात, कारण प्रत्यय आपण बोलतो तसाच लागतो. ऑटोहॉटकी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये याहून पुढे जाता येतं. तो २००३पासून उपलब्ध आहे आणि विंडोजमधल्या जवळपास सगळ्या खिडक्यांत चालतो. स्पेसची वाट न पाहता संक्षेप उलगडायचा, असं त्यात सांगता येतं. मग 'महानगरपालिके' एवढं सामान्यरूप नोंदवायचं आणि पुढे हवा तो प्रत्यय जोडायचा. मात्र तो शिकायला थोडा धीर लागतो आणि सुरुवात त्यानेच करावी, असं मी म्हणणार नाही.

प्रतिज्ञापत्रात आणखी एक खोच निघाली. सुरुवात ठरलेली असते : मी खाली सही करणार अमुक, वय, धंदा, राहणार, सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की. हा परिच्छेद आम्ही मोठ्या कौतुकाने साठवला. आठवड्याभराने एका बाईंनी छापलेला कागद परत आणला. त्यांचं नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि खाली सगळीकडे 'करतो'. मामांच्या हातून हाताने लिहिताना ही चूक तीस वर्षांत झाली नव्हती, कारण समोर बाई बसलेली दिसते आणि हात आपसूक 'करते' लिहितो. मॅक्रोला समोरचं माणूस दिसत नाही. आता पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळे मॅक्रो आहेत. जिथे नाव, वय, पत्ता भरायचा तिथे तीन फुल्या ठेवल्या आहेत. मामा फुल्या शोधत एकेक जागा भरतात आणि छापण्याआधी एकही फुली उरली नाही ना, हे पुन्हा शोधून पाहतात.

मजकुराच्या पलीकडे

मॅक्रो नुसते शब्द लिहीत नाहीत, कामंही करतात. वर्डमध्ये 'रेकॉर्ड मॅक्रो' म्हणून ती कामं नोंदवता येतात. कागदाचा आकार बदलणं, समास सोडणं, दोन प्रती छापणं असं एकदा करून दाखवायचं, नोंद थांबवायची आणि तिला एखादं बटण द्यायचं. पुढच्या वेळी ते बटण पुरतं. नोंद चालू असताना माउसने मजकूर निवडता येत नाही, कीबोर्डनेच करावं लागतं. माउस ज्यांना जमत नाही त्यांचं त्यात काही बिघडत नाही.

अंध व्यक्तींसाठी या कामाच्या मॅक्रोंचं मोल वेगळंच आहे. डोळस माणूस पानावर नजर टाकून हव्या त्या जागी क्लिक करतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तिथपर्यंत एकेक घटक ऐकत जावं लागतं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आपल्याकडेही वापरला जातो. त्यात बटणांच्या आज्ञा आपल्या सोयीने बदलता येतात. मॅक्रो ठरवताना एवढंच पाहायचं, की स्क्रीन रीडरने आधीच घेतलेली बटणं, म्हणजे इन्सर्ट आणि अनेकदा कॅप्स लॉक, आपण पुन्हा कुणाला वाटत नाही आहोत.

हात अजिबातच साथ देत नसेल तर पाय आहे. यूएसबीला जोडायचं पायाचं पेडल मिळतं. कॉम्प्युटर त्याला कीबोर्डच समजतो. त्यावर शिफ्ट ठेवलं की पायाने शिफ्ट, हाताने अक्षर. शिवणयंत्र चालवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चार-सहा मोठ्या बटणांचे मॅक्रो पॅडही असतात. बोट घसरून शेजारच्या बटणावर जात असेल तर कीबोर्डवर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवतात, म्हणजे हात पट्टीवर टेकवून बोट भोकातून नेमक्या बटणावर नेता येतं. कोणत्या हाताला काय झेपेल, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट सर्वांत नेमकं सांगू शकतात. मुंबईत हाजीअलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. वस्तू विकत घेण्याआधी तिथे हात दाखवून यावा. चुकीची वस्तू घेऊन ती कपाटात ठेवलेली घरं मी पाहिली आहेत.

काही कीबोर्ड आणि पॅड मॅक्रो स्वतःच्याच स्मृतीत साठवतात. ते कुठल्याही कॉम्प्युटरला जोडा, काही बसवावं लागत नाही. मराठीसाठी मात्र यात एक मेख आहे. असं उपकरण अक्षर पाठवत नाही, कोणतं बटण दाबलं एवढंच पाठवतं. त्यात 'पनवेल' साठवलं असेल आणि समोरचा कॉम्प्युटर इंग्रजीत असेल, तर पडद्यावर एच, व्ही, बी, एस, एन अशी पाच अक्षरं उमटतात. भाषा बदलण्याचं बटणही मॅक्रोच्या सुरुवातीलाच घालावं असं वाटेल, पण कॉम्प्युटर आधीच मराठीत असला तर त्यानेच घोटाळा होतो. भाषा डोळ्यांनी पाहून मगच बटण दाबावं, हे बरं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय?

इथवरचं सगळं स्वतःच्या टेबलावर चालतं. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्राम टाकायला बंदी असते, आणि ती बंदी चुकीचीही नाही. परीक्षा केंद्रावर तर सेटिंगच्या पानाला हात लावू देत नाहीत. नोकरी मिळणं आणि टिकणं नेमकं याच दोन ठिकाणी ठरतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१६च्या कायद्याचं विसावं कलम सरकारी आस्थापनांना दिव्यांग कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्यास बांधून घेतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही किंवा हुद्दाही कमी करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला निकाल तर हाताशीच संबंधित आहे. लिहिताना बोटं आखडणाऱ्या उमेदवाराला अपंगत्वाचं प्रमाण चाळीस टक्के भरत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. सोय टक्क्यांवर नाही, गरजेवर ठरते. ३० एप्रिल २०२५ला त्याच न्यायालयाने ऑनलाइन सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आता टायपिंगच्या परीक्षेचं पाहू. महाराष्ट्रात लिपिकाच्या पदासाठी मराठी टायपिंगचं मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. तिथे 'पमपा' चालू द्यावं का? माझ्या मते नाही. वेग मोजायचा असेल तर शब्द स्वतः लिहायला हवेत. पण स्टिकी कीज किंवा फिल्टर कीज ही गोष्ट वेगळी आहे. त्या एकही अक्षर फुकट देत नाहीत. उलट शिफ्ट सुटं दाबायला लागून वेळ थोडा जास्तच जातो. चश्मा लावून परीक्षा देण्याइतकंच ते सरळ आहे. या दोन गोष्टींत फरक न करता 'सेटिंग बदलायची नाही' असं सरसकट म्हणणं म्हणजे उमेदवाराला पहिल्या 'ख'लाच बाद करणं. म्हणून परीक्षेला बसणाऱ्याने अर्जासोबतच, लेखी, नेमक्या शब्दांत मागणी करावी : 'कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेली स्टिकी कीज ही सोय सुरू करून मिळावी.' 'विशेष सोय मिळावी' अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं. कार्यालयातही आधी विंडोज आणि वर्डमध्ये असलेल्याच गोष्टी मागाव्यात. नवीन काही बसवायचं नसल्यामुळे नकाराला कारण उरत नाही.

काय सांभाळायचं?

पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक मॅक्रोत ठेवू नका. मोह होतो, कारण थकलेल्या हाताला बारा आकडे फार असतात. पण संक्षेप चुकून कोणाच्या चॅटमध्ये उलगडला तर परत घेता येत नाही. ई-मेलने आलेल्या फाइलमधले मॅक्रो सुरू करू नका. वर्डच्या मॅक्रोतून व्हायरस पसरल्यामुळे इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. आपण स्वतः केलेले आणि परक्याने पाठवलेले, यांत हा फरक आहे.

आणि यादी जपून ठेवा. मामांचा कॉम्प्युटर मध्यंतरी दुरुस्तीला गेला आणि कोरा होऊन परत आला. कागदपत्रं दुसरीकडे ठेवलेली होती, पण दीडशेच्या वर जमलेले संक्षेप वर्डच्या 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेटमध्ये आणि ऑटोकरेक्टच्या फाइलमध्ये होते, ते गेले. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा अर्ध्या तासाचं झालं. संध्याकाळी मामा वही घेऊन आठवतील तसे संक्षेप डाव्या हाताने लिहीत बसले. अक्षर अजून वेडंवाकडं येतं, पण एकशे बारा आठवले. ती वही आता दुकानातच असते आणि त्या दोन्ही फाइलींची प्रत किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये. पानाला हल्ली बारा-तेरा मिनिटं लागतात. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दोन्ही हातांनी भराभर टाइप करतो. त्यानेही गेल्या महिन्यात वही मागून घेतली आणि 'पमपा'पासून सुरुवात केली.